आज किती चाललात?

मॅडमना नमस्कार. मी बार्शीची. आमचे मालक एसटीत कंडक्टर होते, वय 57. गेल्या मार्चमध्ये त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तिसरी स्टेज होती. मग केमोचे आठ डोस झाले, ऑक्टोबरमध्ये शेवटचा. जानेवारीच्या तपासणीत सगळं चांगलं आलं. लोक म्हणतात, सुटलात. पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. दिवसभर कॉटवर पडून टीव्ही बघतात, दुपारी दोन-दोन तास झोपतात, तरी दमलोय म्हणतात. पायाची बोटं बधिर आहेत. दिवसातून चार-पाच वेळा संडासला जावं लागतं म्हणून स्टँडवर मित्रांकडे जायचं सोडलं. चिडचिड करतात, नाहीतर गप्प बसतात. मी त्यांना पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही. साखर, दूध, अंडी, मटण, शेंगदाणे सगळं बंद केलंय, सकाळी गव्हांकुराचा रस देते. वजन 72 होतं, जानेवारीत 64 भरलं, आता 62 आहे. तंबाखू मात्र ऑपरेशनला सोडली ती सोडलीच.

पुण्याचा मुलगा म्हणतो, कॅन्सरनंतरच्या निरोगी जीवनशैलीचा तीन महिन्यांचा एक प्रोग्रॅम आहे, 38,000 रुपये. पावडरी, रस, आहाराचा तक्ता, व्हिडिओ कॉल. पुन्हा कॅन्सर होणार नाही अशी हमी देतात. घ्यावा का? आणि हे दरवर्षी दिंडीबरोबर चालत पंढरपूरला जायचे. यंदा जाऊ का म्हणतात, मी नाही म्हणते. माझ्या हातच्या जेवणामुळं तर हे झालं नसेल ना, हा विचार रात्री झोपू देत नाही.

एक वाचक, बार्शी


ताई, नमस्कार.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमचं सगळं पत्र त्या वाक्याखाली दबलेलं दिसतंय. तुमच्या हातच्या जेवणानं कॅन्सर झालेला नाही. या आजाराची शक्यता कशाकशानं वाढते ते आपल्याला ठाऊक आहे. दारू, तंबाखू, बैठी राहणी, पोटाभोवतीची चरबी, रोजच्या रोज लाल मांस, सॉसेज-सलामीसारखं मांस, वाढतं वय, घरात आधी कुणाला झालेला असणं. पण एका माणसाच्या आतड्यात तो नेमका कशानं सुरू झाला, यावर बोट ठेवणारा डॉक्टर जगात कुठेही नाही. ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी, मटकीची उसळ हे तुमच्याकडचं रोजचं ताट तर आम्ही लोकांना आतड्यासाठी मुद्दाम खायला सांगतो. ज्या हातांनी वर्षभर पथ्य सांभाळलं, त्याच हातांवर संशय घेऊ नका.

दुसरी गोष्ट मात्र या आठवड्यातच करायची आहे. ऑपरेशन आणि केमोत वजन उतरतं, ते समजू शकतं. पण केमो संपून चार महिने झाल्यावर, प्रयत्न न करता ते आणखी उतरत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. पुढच्या तारखेची वाट बघू नका. फोन करा, 64 चे 62 झाले असं आकड्यात सांगा. बंद केलेल्या खाण्यामुळं हे झालं असण्याची शक्यता मला बरीच वाटते, पण ते तपासून ठरू दे. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइडही बघून घ्या, कारण थकव्याच्या मागे कधीकधी हीच साधी कारणं असतात. शौचावाटे रक्त जाणं, काळं शौच, पोटात कळा किंवा चालताना दम लागणं यातलं काही असेल तर तेही न लपवता सांगायचं.

आता प्रोग्रॅमबद्दल. 38,000 रुपयांचा तो प्रोग्रॅम घेऊ नका. पुन्हा कॅन्सर होणार नाही अशी हमी कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देत नाही, आणि एखादं औषध कॅन्सर बरा करतं किंवा टाळतं अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. मला त्या एका 'हमी' शब्दावरच थांबावंसं वाटलं. तुमच्या मुलावर मी अजिबात रागावलेली नाही. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी करायचं असतं, आणि पैसे भरणं हे त्यातल्या त्यात हाताशी असतं.

पण 'असले प्रोग्रॅम म्हणजे सगळी फसवणूक' असंही मी म्हणणार नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करून वीसएक वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दलची सगळ्यात मोठी बातमी मला जून 2025 मध्ये वाचायला मिळाली. ती तुमच्याच घरची बातमी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'चॅलेंज' नावाची एक चाचणी झाली, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात. 2009 पासून पुढे 55 हॉस्पिटलांतून 889 पेशंट तिच्यात घेतले. सगळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, ऑपरेशन झालेले, केमो संपून दोन ते सहा महिने उलटलेले. तुमचे मालक आज नेमके याच टप्प्यावर उभे आहेत. निम्म्या लोकांना चांगलं काय खावं, किती हालचाल करावी याची छापील माहिती दिली. उरलेल्या निम्म्यांना तीच माहिती दिली आणि शिवाय व्यायामाचा एक सल्लागार दिला. तो सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी भेटायचा, नंतर महिन्यातून एकदा, असं सलग तीन वर्षं. आज किती चाललात, का नाही जमलं, पुढच्या वेळी कसं जमवू या, एवढंच त्याचं काम. जिमची सक्ती नव्हती. बहुतेकांना आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास ते तासभर झपझप चालून हालचालीचं ठरवून दिलेलं लक्ष्य गाठता येत होतं.

पाच वर्षांनी आजार न उलटलेले लोक सल्लागाराच्या गटात शंभरातले 80 होते, नुसत्या माहितीच्या गटात 74. आठ वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले 90 जण हयात होते, दुसऱ्यातले 83. हा फरक काही औषधांनी पडतो तेवढा मोठा आहे, आणि तो चालण्यानं पडला. ताई, यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की छापील माहिती दोघांच्याही हातात होती. आहाराचा तक्ता, काय खावं, काय टाळावं, सगळं दोघांना ठाऊक होतं. एका गटाकडे विचारणारं माणूस होतं. आणि ते तीन महिन्यांत गेलं नाही, तीन वर्षं विचारत राहिलं.

तुम्हाला विकत घ्यावीशी वाटणारी जी खरी गोष्ट आहे ती हीच, आणि ती बार्शीत मिळते. स्टँडवरच्या त्या मित्रांपैकी सकाळी लवकर उठणारा, थोडा हट्टी असा एक जण निवडा. त्याला घरी बोलवून चहा द्या आणि स्पष्ट सांगा की रोज साडेसहाला दारात यायचं आणि 'चल' म्हणायचं. मालक नाही म्हणाले तरी दहा मिनिटं बसायचं, मग पुन्हा 'चल' म्हणायचं. मी अशी माणसं बघितली आहेत. त्यांनी जे काम केलं ते माझ्यासारख्या दहा जणींना जमलं नसतं.

मुलाला वेगळं काम द्या. रोज फोनवर 'जेवलात का' विचारतो, त्याऐवजी 'आज किती चाललात' विचारायचं. तुम्ही कालनिर्णयवर त्या दिवशीच्या चौकटीत मिनिटं लिहायची. त्याला पैसे खर्च करायचेच असतील तर एक चांगली बुटांची जोडी घे म्हणावं, आणि गावातल्या फिजिओथेरपिस्टच्या पाच-सहा भेटींचे पैसे भर म्हणावं. त्याला आणखी एक सांगा. वडिलांना हा आजार झालेल्या मुलांनी साधारण चाळिशीला आतड्याची दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची असते. आत्ता घाबरायचं कारण नाही, पण ही गोष्ट विसरायची नाही. ती कधी करायची ते वडिलांच्या डॉक्टरांनाच विचारू दे.

चालायला सुरुवात करताना घाई नको. आधी डॉक्टरांची परवानगी, वजनाचा उलगडा, मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटं सकाळी आणि दहा संध्याकाळी. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. त्या चाचणीतल्या लोकांनीही लक्ष्य गाठायला सहा महिन्यांपर्यंत वेळ घेतला होता, आणि व्यायाम करणाऱ्यांत सांधे-स्नायूंची दुखणी थोडी जास्त झाली होती. म्हणून गुडघा धरला तर दोन दिवस कमी चाला, पण चाला. वेग कसा कळायचा? सोबत्याशी बोलता यावं, पण अभंग म्हणायला गेलं तर दम अडावा, तेवढा. मार्चपासून तुमच्याकडचं ऊन मी सांगायला नको. साडेसातच्या आत घरी.

'इतका दमलेला माणूस चालणार कसा' हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. केमोनंतरचा थकवा शेतात राबून आलेल्या थकव्यासारखा नसतो. तो झोपून जात नाही, उलट जितकं पडून राहावं तितका अंगात मुरतो, कारण पडून राहिल्यानं स्नायू झडतात आणि मग उठून बसायलाही जास्त ताकद लागते. 2017 मध्ये थकव्यावरच्या 113 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसिक आधार हेच जास्त उपयोगी दिसले. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. मोबाइलचा गजर लावा, उठवायचा वाईटपणा तुमच्याकडे नको.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायामही हवेत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणं, भिंतीला हात टेकवून दंड काढल्यासारखं करणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत नेणं. पोटावर टाका आहे, त्यामुळं किती वजन उचलायचं ते सर्जनना विचारा. त्यांनी हो म्हटलं की अर्धी बादली त्यांच्या हातात द्या. भरलेली कळशी नंतर, हळूहळू. तुम्ही मायेनं त्यांच्या हातातून एकेक काम काढून घेतलंत हे मला कळतं. पण तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडलेल्या माणसाला आपण घरात कशाच्याच उपयोगाचे नाही असं वाटायला लागलं, तर तो चिडतो किंवा गप्प होतो. कोथिंबीर निवडायला द्या, दळण आणायला पाठवा, गॅसचा नंबर लावायला सांगा. त्यांचं बघून तुम्हाला थोडी धाकधूक होईल, ती सोसा.

बधिर बोटांकडे नीट लक्ष हवं. या केमोतलं एक औषध पायांच्या नसांना धक्का लावतं. डोस संपल्यावरही काही महिने बधिरपणा वाढल्यासारखा वाटू शकतो, आणि मग बहुतेकांत तो हळूहळू ओसरतो. काहींत थोडा राहतो. तोवर चप्पल नको, मागून बंद असलेले बूट आणि सुती मोजे घाला. घरात आणि अंगणात अनवाणी नाही. भगवंताच्या देवळात जातात ना? दुपारी नाही जायचं, कारण तापलेली फरशी त्यांना कळणार नाही आणि फोड आल्यावरच समजेल. रात्री झोपताना तुम्ही तळवे बघा, एखादी जखम आहे का. खिडकीचा गज धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, मग दुसऱ्या. तोल सुधारतो. नसांच्या दुखण्यावर औषधंही आहेत, रात्री फार मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना सांगा.

संडासची अडचण ते बोलत नसतील, पण घरात कोंडून घालणारी खरी गोष्ट तीच असावी असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. आतड्याचा भाग काढल्यावर असं होतं, लाजण्यासारखं त्यात काही नाही. शौच पातळ होत असेल तर कधीकधी त्यामागे पित्तरस असतो आणि त्यावर वेगळं औषध मिळतं, म्हणून हे डॉक्टरांपुढे शब्दांत मांडायला लावा. दिवसातून किती वेळा, पातळ की घट्ट, जेवणानंतर लगेच की कधीही, हे आठ दिवस लिहून ठेवा. सकाळी एकदा-दोनदा जाऊन आल्यावरच फिरायला निघायचं, आणि रस्ता लांबवर जाणारा न निवडता घराभोवती फेऱ्या होतील असा निवडायचा. दर दहा मिनिटांनी आपलं दार येतं म्हटल्यावर धास्ती निम्मी होते.

खाण्याचं आता थोडं कडक बोलते, ताई, राग मानू नका. तुम्ही बंद केलेल्या यादीतलं जवळजवळ सगळं परत सुरू करायचं आहे. झडलेला स्नायू प्रथिनांशिवाय भरत नाही. त्यांच्या वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 65 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यात 7. दूध-दही सोसत असेल तर ते मोठ्या आतड्याला चांगलंच मानलं जातं. दुधानं पोट बिघडत असेल तरच दही-ताकावर राहा. दोन अंडी, दोन वेळा घट्ट वरण, वाटीभर दही, शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी हुलग्याचं माडगं, आणि आठवड्यातून एकदा मटणाचे चार तुकडे खाल्ले तरी बिघडत नाही. उसळीनं गॅस होत असेल तर आधी मुगाची, मऊ शिजवून, थोडी.

साखर कॅन्सरला पोसते म्हणून चहा फिका करून प्यायल्यानं कॅन्सर उपाशी मरत नाही. शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवर चालते आणि खाल्लेल्या भाकरीचीही शेवटी साखरच होते. मधुमेह नसेल तर चहात चमचाभर घालू दे. गोड पेयं आणि बेकरीचा माल मात्र कमीच बरा.

गव्हांकुराचा रस बंद केलात तर काहीही बिघडणार नाही. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या 3,088 बायकांवर एक मोठी चाचणी झाली होती. एका गटानं भरपूर भाज्या, फळं आणि शिवाय रोज भाज्यांचा रस घेतला, चरबी कमी केली. सात वर्षांहून जास्त काळ पाहिल्यावर कॅन्सर उलटण्यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. आजार वेगळा होता हे खरं, पण कुठल्याही रसाला अमृत म्हणण्याआधी मला ती चाचणी आठवते. भाज्या खायच्याच, त्यांचे फायदे इतर पुष्कळ आहेत. पावडरी आणि गोळ्यांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. त्यांत काय असतं ते डब्यावरून कळत नाही, आणि यकृताला त्रास झाला तर डॉक्टरांना कारण शोधत बसावं लागतं. जे काही घेतलं जातं ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही.

आणि तंबाखू. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढं गेलात. कंडक्टरच्या नोकरीत तंबाखू मळणं हाताच्या चाळ्यासारखं झालेलं असतं, ती सोडून अकरा महिने होत आले. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी जीवनशैलीची सुधारणा झालेली आहे, तीही फुकटात. हे त्यांना कुणी तोंडावर म्हटलंय का? आज म्हणा.

चिडचिडीबद्दल एवढंच सांगते की तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते का, ते बघा. 'पुन्हा निघाला तर' ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि पुरुष ती टीव्हीच्या आवाजाखाली दाबतात. चालताना शेजारी असलेल्या माणसाशी ती जास्त सहज निघते, समोरासमोर बसवून विचारलं तर निघत नाही. दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नंबर तुमच्यासाठीही आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात तुमची झोप शेवटच्या ओळीत आली, आणि तुमचं खाणं, गुडघे, बीपी यातलं काहीच आलं नाही. संध्याकाळच्या दहा मिनिटांत त्यांच्याबरोबर तुम्ही जायचं. घरातली कामं खूप होतात हे मला माहीत आहे, पण ती चालण्यात धरायची नाहीत.

आता वारी. तुम्ही नाही म्हणालात, मी सरसकट नाही म्हणणार नाही. आषाढीला अजून पाचेक महिने आहेत. तोवर वजन थांबून चढायला लागलं, शौच आटोक्यात आलं, तळव्यांवर जखम नसली आणि सलग पाऊण तास चालणं महिनाभर टिकलं, तर डॉक्टरांना विचारून एक दिवस दिंडीबरोबर चालू द्या. पूर्ण वाट नाही. पंढरपूरजवळच्या शेवटच्या टप्प्यातला थोडा भाग चालायचा, उरलेला दिंडीच्या टेम्पोत बसून. उकळलेलं पाणी घरून न्यायचं, उघड्यावरचं खायचं नाही, बुटांत सुके मोजे बदलायला द्यायचे. यंदा एवढंच, हे त्यांना आत्ताच सांगून टाका, म्हणजे फेब्रुवारीतल्या पहिल्या दहा मिनिटांना त्यांच्या लेखी काही मोल येईल.

बूट घ्यायला त्यांनाच दुकानात न्या, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजे घालून माप घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का ते तुम्ही हातानं दाबून बघा. बोटं बधिर असल्यामुळं बूट चावतोय हे त्यांना कळणार नाही.